दुःखाचें प्रमाण

एमआरआय तपासणीची वेळ ठरली म्हणजे तपासणी-केंद्राकडून रुग्णाच्या हातीं एक छापील कागद येतो. तपासणीपूर्वीं कांहीं तास पोटांत अन्न नसावें. अंगावर धातूचा दागिना नसावा. हृदयाजवळ पेसमेकर, कानांत शस्त्रक्रियेनें बसविलेलें यंत्र, मेंदूंतील रक्तवाहिनीवर लावलेली क्लिप, गर्भाशयांत तांबी, यांपैकीं कांहीं असल्यास आधीं सांगावें. मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास लिहावें. रुग्ण स्त्री असेल तर शेवटच्या पाळीची तारीख लिहावी, आणि दिवस गेले असण्याचा संभव असल्यास तोहि लपवूं नये. कागदाची भाषा रूक्ष असते, आणि त्याचें मराठी भाषांतर बहुधा इतकें ओबडधोबड असतें कीं, मूळ इंग्रजी वाचल्यावांचून अर्थ लागूं नये. तरीहि एंडोमेट्रिओसिसनें वर्षानुवर्षें गांजलेल्या स्त्रीच्या दृष्टीनें हा कागद अपूर्वच म्हटला पाहिजे. तिच्या शरीराविषयीं इतके नेमके प्रश्न पूर्वीं तिला क्वचितच कोणी विचारलेले असतात. आणि विचारले असले तरी तिच्या उत्तरावर इतका पूर्ण भरंवसा कोणी ठेवलेला नसतो.

भरंवसा हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजिला आहे. सध्यां वापरांत असलेल्या पुष्कळशा यंत्रांतील चुंबकाचें बल दीड टेस्ला असतें. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तें सुमारें ३०,००० पट भरतें, आणि तपासणी चालू नसली तरी तें सहसा बंद केलें जात नाहीं. २०१८ च्या जानेवारींत मुंबईंतील एका रुग्णालयांत ऑक्सिजनची टाकी घेऊन या खोलींत शिरलेला एक तरुण टाकीसह यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणांस मुकला, हें वृत्त पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. हातांतली टाकी निदान डोळ्यांना दिसते. शरीराच्या आंत कोठें काय बसविलेलें आहे हें दारावर उभें राहून कोणास दिसावयाचें नाहीं. म्हणून विचारावें लागतें, आणि रुग्ण जें सांगेल तें मुख्यतः प्रमाण मानून दार उघडावें लागतें. म्हणजे ज्या तपासणीकडे घरचीं माणसें ‘आतां खरें काय तें कळेल’ अशा आशेनें पाहत असतात, ती तपासणी स्वतः मात्र आरंभींच तिच्या शब्दावर विसंबते. हा विरोध आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. दुसऱ्याचें दुःख खरें मानण्यास आपणांस कोणता पुरावा लागतो, आणि तो मिळाला नाहीं तर काय मानण्याचा आपणांस अधिकार आहे, हा प्रश्न जुनाच आहे. या रोगाच्या प्रसंगीं तो घरांतल्या माजघरांत येऊन उभा राहतो, इतकेंच.

रोगाची माहिती थोडक्यांत दिली पाहिजे. गर्भाशयाच्या आंतल्या अस्तरासारखा पेशीसमूह या रोगांत गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आंतील पातळ आवरणावर, आंतड्यावर, मूत्राशयावर रुजतो. महिन्याच्या चक्राबरोबर तोहि सुजतो, त्यांतूनहि रक्त झिरपतें, आणि त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. मग दाह, व्रण, गांठी, आणि शेजारचे अवयव एकमेकांस चिकटणें, अशी परंपरा लागते. अंडाशयांत जुनें रक्त सांठून जी गांठ होते तिला तिच्या रंगावरून डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. व्हिएन्ना येथील रोकितान्स्की यांनीं १८६० सालींच या विकाराचें वर्णन केलें होतें. पाळीचें रक्त नळ्यांतून उलटें पोटांत जातें व तेथें रुजतें ही उपपत्ति अमेरिकेंतील ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनीं १९२७ सालीं मांडली. तिनें सर्व प्रकारांचा उलगडा होतो असें नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १९२७ सालीं आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें, आणि शरीराच्या या भागाविषयीं सभ्य मराठींत उघड लिहितां येतें हें दाखविण्यासाठीं शिव्याशाप व खटले सोसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांत सुमारें एकीस हा रोग असतो. जगांतील त्यांची संख्या सुमारें १९ कोटि भरते. आणि लक्षणें सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरीनें चार ते बारा वर्षें जातात.

या विलंबाचा कांहीं दोष वैद्यकाकडे जातो; पण सगळा नाहीं. आमच्या भाषेकडेच पाहा. पाळी आली हें सांगण्यास मराठींत केवढी शब्दसंपत्ति आहे! कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, शिवायची नाहीं. यांतील प्रत्येक शब्द विटाळ सांगतो. दुखण्याचें नांव एकांतहि नाहीं. दुखणें सांगण्यास तिच्यापाशीं एकच वाक्य उरतें, ‘पोटांत दुखतें’, आणि तें वाक्य तर कालच्या भज्यांनीं बिघडलेल्या पोटासहि लागतें. तेव्हां ऐकणाराहि ओवा आणि गरम पाण्याची पिशवी यांपलीकडे जात नाहीं. मुलगी शाळेंत असली तर ‘सगळ्यांनाच दुखतें’, कॉलेजांत असली तर ‘लग्न झालें कीं थांबेल’, लग्न झालें असलें तर ‘एक मूल झालें कीं बघ’, अशा मुदती वाढत जातात. मूल होण्यासच हा रोग कित्येकदां आड येतो, हें तेव्हां कोणाच्या गांवींहि नसतें. आमच्या कुलस्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षां मरण पत्करतात, अशा अर्थाचें आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंतील वैद्यक-विद्यालयास लिहिलें होतें; त्या १८८६ सालीं तेथें डॉक्टर झाल्या. आज स्त्री-डॉक्टर तालुक्याच्या गांवींहि आहेत. संकोचाचें तें कारण गेलें, दुसरें राहिलें. डॉक्टरपाशीं सांगण्याआधीं घरांत सांगावें लागतें, आणि घरांत सांगितलेलें खरें ठरावें लागतें.

म्हणून तपासणीची तारीख जवळ आली म्हणजे एकाच घरांत दोन प्रार्थना चालूं होतात. आई, पति, सासू यांची प्रार्थना ‘देवा, कांहीं निघूं नये’ अशी असते. जिची तपासणी व्हावयाची ती मात्र मनांतल्या मनांत ‘कांहीं तरी निघूं दे’ असें म्हणत असते. या रोगाविषयीं मोकळेपणानें बोलणाऱ्या स्त्रियांच्या तोंडून ही गोष्ट वारंवार ऐकूं येते, आणि ती सांगतांना त्या लाजतात. आपण रोग मागत होतों, हें त्यांना पापासारखें वाटतें.

नीतिदृष्ट्या ही इच्छा कशी समजावी? स्वतःच्या शरीराचें अनिष्ट चिंतणें निंद्य आहे, हें कोणीहि कबूल करील. पण येथें अनिष्ट चिंतिलें जात आहे काय? महिन्यांतून चार दिवस जी जमिनीवर गुडघे पोटाशीं घेऊन पडते, तिला दुःख मागावें लागत नाहीं, तें आहेच. तिला हवा आहे साक्षीदार. ज्याची फिर्याद दहा वर्षें कोणी लिहून घेतली नाहीं तो मनुष्य चोरीची खूण सांपडावी म्हणून देवास नवस करतो, तेव्हां तो चोरीची इच्छा करतो असें आपण म्हणत नाहीं. तिची इच्छा आम्हांस सर्वथा निर्दोष वाटते. दोष कोठें असेल तर तो, जेथें रोग निघणें हेंच सुटकेचें एकमेव द्वार उरतें, त्या घराच्या व्यवस्थेंत आहे. या इच्छेचा एक परिणाम मात्र निर्दोष नाहीं. त्याकडे पुढें येऊं.

आपल्या दर्शनकारांनीं ज्ञानाच्या साधनांचा जो ऊहापोह केला आहे तो येथें कामास येण्यासारखा आहे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानतात. सुखदुःख हा त्यांच्या मतें मन या अंतरिंद्रियानें होणाऱ्या प्रत्यक्षाचा विषय आहे. डोळ्यांस घट दिसावा तितक्याच साक्षात् रीतीनें दुखणाऱ्यास आपलें दुखणें कळतें. शेजारीं बसलेल्यास तें शब्दानें कळतें, किंवा कण्हणें, घाम, पांढरा पडलेला चेहरा यांवरून अनुमानानें. आतां एमआरआयचें चित्र कोणत्या प्रमाणांत बसवावयाचें? तो पोटाच्या आंतला फोटोच, अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः शरीरांतील पाणी व चरबी यांत हायड्रोजन असतो. त्याच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनीं विचलित करावयाचें, तीं पूर्वस्थितीस येतांना जे संकेत देतात ते टिपावयाचे, आणि त्यांवरून गणितानें चित्र उभें करावयाचें, अशी ही कृति आहे. पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं ही कल्पना प्रसिद्ध केली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती पुढें नेली. दोघांस मिळून २००३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या चित्रांतील करड्या-पांढऱ्या छटांवरून ‘येथें जुनें रक्त आहे’ असें रेडिऑलॉजिस्ट ठरवितो, तें तर धूर पाहून अग्नि ठरविण्यासारखें उघड अनुमान. अनुमान म्हणून त्याची किंमत कमी होते असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तम अनुमान फार मोलाची वस्तु आहे. पण घरांत प्रमाणांची उलटापालट कशी होते पाहा. तिच्या प्रत्यक्षाला ऐकीव गोष्टीचा दर्जा मिळतो आणि यंत्राच्या अनुमानाला प्रत्यक्षाचा!

शब्दप्रमाणांतला शब्द आप्ताचा पाहिजे. आप्त कोण? वस्तु जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा तो, असें न्यायभाष्यकार वात्स्यायन सांगतात, आणि ऋषि, आर्य व म्लेंच्छ या सर्वांस हें लक्षण सारखेंच लागू आहे असेंहि बजावतात. कुळाची, विद्येची किंवा वयाची अट त्यांनीं घातलेली नाहीं. मराठींत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक, आणि जमलेले आप्त तिच्या आप्तत्वाची उलटतपासणी घेतात, हा शब्दांचाच विनोद म्हणावयाचा. तथापि येथें एक मर्यादा आम्ही स्वतःच घालूं इच्छितों. ‘मला दुखतें’ या विधानांत ती आप्त आहे. ‘अमुक रोगानें दुखतें’ या विधानांत नाहीं. कारण शोधण्याचें काम वैद्यकाचें, आणि तेथें तिचा अंदाज चुकूंहि शकतो. पण कारण सांपडलें नाहीं म्हणून कार्य नव्हतेंच, असें म्हणणें म्हणजे तर्काला तिलांजलि देणें होय. या रोगांत तर दुखण्याची तीव्रता आणि रोगाचा पसारा यांचा मेळ बसत नाहीं, हें डॉक्टरांस पुरतें ठाऊक आहे. मोठी गांठ असून विशेष त्रास नाहीं आणि चार बारीक ठिपके असून अंथरूण सुटत नाहीं, अशा दोन्ही तऱ्हा आढळतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कुमारिलभट्टाचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धि नांवाचें आणखी एक प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें ज्ञान होतें, तें या प्रमाणानें. परंतु त्यांनीं लगेच एक अट जोडली आहे: ती अनुपलब्धि योग्य पाहिजे. म्हणजे घट तेथें असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति पाहिजे. भर दुपारीं अंगणांत घट दिसला नाहीं तर तो नाहीं असें खुशाल म्हणावें. अमावास्येच्या रात्रीं अंधाऱ्या कोठींत दिसला नाहीं म्हणून तसें म्हणतां येत नाहीं. इतकी साधी आणि इतकी सूक्ष्म ही अट आहे, आणि आमच्या मतें एमआरआयला जाण्याची खरी तयारी घरांतल्या प्रत्येकानें ही अट समजून घेण्यापासून सुरू झाली पाहिजे. अंडाशयांतील रक्ताची गांठ, आंतड्याच्या भिंतींत किंवा गर्भाशयामागच्या बंधांत खोल रुजलेला रोग, या गोष्टी एमआरआय चांगल्या दाखवितो. तेथें दुपारचें ऊन असतें. पण पोटाच्या आंतील आवरणावर पसरलेले कांहीं मिलिमीटरांचे उथळ ठिपके त्याला बहुधा दिसत नाहींत. तेथें अमावास्या आहे. मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र यांच्या युरोपीय संस्थेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत हेंच बजावलें आहे: चित्रांत रोग दिसला नाहीं एवढ्यावरून रोग नाहीं असें ठरत नाहीं, विशेषतः उथळ प्रकाराच्या बाबतींत. दुर्बिणीच्या ऑपरेशननें पाहिल्याशिवाय निदानच नाहीं हा जुना आग्रहहि त्या मार्गदर्शिकेनें सोडला, आणि लक्षणांवरून उपचार सुरू करण्यास वाव दिला. म्हणजे शास्त्र तिच्या शब्दाकडे एक पाऊल परत आलें आहे. घर मात्र अजून यंत्राकडे निघालें आहे.

कोणी म्हणेल, असें असेल तर तपासणी करावयाची कशाला? इतके पैसे, इतकी यातायात! हा आक्षेप आम्हांस बिनबुडाचा वाटतो. ऑपरेशन करावयाचें झालें तर आंतड्याला, मूत्रवाहिनीला रोग चिकटला आहे काय हें सर्जनला आधीं कळलें पाहिजे, आणि तो नकाशा हें यंत्र देतें. गांठ कसल्या जातीची आहे हें ठरविण्यासहि त्याचा फार उपयोग होतो. अविवाहित मुलीची आंतून करावयाची सोनोग्राफी आपल्याकडे सहसा करीत नाहींत, तेव्हां तिच्या बाबतींत तर एमआरआयच हाताशीं राहतो. दुसरा कोणी म्हणेल, दुखतें म्हणणाऱ्या प्रत्येकीवर विश्वास ठेवूं लागलों तर खोटें बोलणारीहि फसवून जाईल. जाईल. पण दहा खऱ्या दुखण्यांना खोटें ठरवून एक ढोंग पकडणें हा कोणत्या न्यायाचा हिशेब? गुन्हेगाराच्या बाबतींतसुद्धां आपण संशयाचा फायदा आरोपीस देतों. आजारी माणसाला तो नाकारण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.

मघांशी ज्या परिणामाकडे येऊं म्हणून म्हटलें तो आतां सांगतों. साक्षीदार मिळावा म्हणून व्याकूळ झालेली स्त्री कोणत्याहि गोष्टीस ‘हो’ म्हणते. कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनची गोष्ट घ्या. तें दिलें म्हणजे सर्व कांहीं स्पष्ट दिसेल, न दिलें तर तपासणी अपुरी, अशी समजूत सर्वत्र आहे. औषध महाग म्हणून ती आणखी पक्की होते. वास्तविक एंडोमेट्रिओसिसमधलें जुनें रक्त विशिष्ट पद्धतीनें घेतलेल्या चित्रांत कॉन्ट्रास्टवांचूनच उजळ दिसतें. कॉन्ट्रास्टची गरज विशेषेंकरून पडते ती गांठीच्या आंत घट्ट भाग दिसला तर: तो रक्ताचा गोळा आहे कीं रक्तपुरवठा असलेली वाढ आहे, म्हणजे कर्करोगाचा संशय धरावा काय, हें ठरविण्यासाठीं. उथळ ठिपके मात्र त्यानें भरंवशानें दिसूं लागतात असें नाहीं. तेव्हां ‘हें इंजेक्शन माझ्या बाबतींत कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं?’ असें विचारणें हा तिचा हक्क आहे, आणि डॉक्टरनें त्याचें समजेल असें उत्तर देणें हें त्याचें काम आहे.

औषध भयंकर नाहीं. पण तें पाणीहि नव्हे. गॅडोलिनियम ही ६४ अणुक्रमांकाची धातु, फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांच्या नांवानें ओळखली जाणारी. मोकळ्या रूपांत ती विषारी आहे. म्हणून दुसऱ्या रेणूच्या पिंजऱ्यांत कोंडून शिरेवाटे देतात, आणि मूत्रपिंडें निरोगी असलीं तर बहुतेक भाग एका दिवसाच्या आंत लघवीवाटे निघून जातो. १९८८ पासून असलीं औषधें अमेरिकेंत वापरांत आलीं. मूत्रपिंडें निकामी झालेल्या कांहीं रुग्णांची त्वचा दगडासारखी कठीण होते, त्या विकाराचा संबंध या धातूशीं असल्याचें २००६ सालीं पुढें आलें. म्हणूनच त्या कागदांत मूत्रपिंडाचा प्रश्न असतो, आणि मूत्रपिंडाविषयीं शंका असल्यास क्रिएटिनिनची रक्ततपासणी मागतात. धातूचा अत्यल्प अंश मेंदूंत राहतो असें २०१४ सालीं जपानांतून प्रसिद्ध झालें. त्यापासून अपाय झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, तरी सावधगिरी म्हणून युरोपांतील औषध-नियंत्रकांनीं २०१७ सालीं यांतील कांहीं जुन्या जाती थांबविल्या. गरोदर स्त्रीस हें औषध शक्यतों देत नाहींत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधांत उतरणारा अंश इतका थोडा असतो कीं, पाजणें थांबविण्याची सहसा गरज पडत नाहीं. हें सर्व समजून जिनें ‘हो’ म्हटलें तिची संमति खरी. ‘तेवढ्यानें तरी यांना पटेल’ म्हणून जिनें हात पुढें केला तिची संमति आम्ही संमति मानीत नाहीं. ती घरानें पिळून काढलेली सही आहे. मग तो कागद कितीहि कायदेशीर असो.

तोच न्याय कागद भरण्यासहि लावावा. कित्येक घरांत तो पतिराज भरतात, किंवा बाकावर शेजारीं बसून सासूबाई एकेक प्रश्न मोठ्यानें वाचतात. गर्भाशयांत तांबी आहे, पूर्वीं गर्भपात झाला होता, दिवस गेले असण्याचा संभव आहे, या गोष्टी सर्वांसमक्ष सांगतां येतातच असें नाहीं. आणि न सांगितल्यास एखादे वेळीं नुकसान तिचेंच होतें. सोबतीच्या माणसानें त्या दहा मिनिटांत खालीं जाऊन गाडी कोठें लावली आहे तें पाहून यावें, हें उत्तम. दागिन्यांवरून पूर्वीं जो वाद होई तो आतां जवळजवळ मिटला आहे. सोनें चुंबकाला चिकटत नाहीं हें खरें, पण फांसा, तार, पदराची पिन यांचा भरंवसा नाहीं, आणि कोणतीहि धातु चित्र बिघडवूं शकते. मंगळसूत्र रुमालांत बांधून सासूबाई स्वतःच तें पर्समध्यें ठेवतात. एवढा बदल घडविण्यास सुधारकांना पन्नास वर्षें लागलीं असतीं. यंत्रानें तो पांच मिनिटांत घडविला.

या रोगाच्या तपासणींत आणखीहि कांहीं गोष्टी असतात. त्या ऐनवेळीं कळल्या तर अवमान वाटतो, आधीं कळल्या तर वाटत नाहीं. आंतड्याची हालचाल थांबावी म्हणून बहुधा एक इंजेक्शन देतात; त्यानें तोंडाला कोरड पडते आणि थोडा वेळ अंधुक दिसतें, म्हणून कांचबिंदु असल्यास आधीं सांगावें. कांहीं केंद्रांत एनिमा देतात. कांहीं ठिकाणीं योनिमार्गांत व गुदद्वारांत जेल भरतात, म्हणजे तेथल्या भिंती वेगळ्या दिसतात. हें करणार काय, कोण करणार, आणि नको म्हटलें तर चालेल काय, हें वेळ ठरवितांनाच विचारावें; नको म्हणणें तिच्या हातीं आहे. पाळी चालू असतां तपासणी करूं नये असा नियम नाहीं. पण ज्या दिवसांत पाठ टेकवत नाहीं त्या दिवशीं अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहणें ही शिक्षाच होय, तेव्हां तारीख बदलून मागण्यांत गैर कांहीं नाहीं. गुडघ्याखालीं उशी मागावी. कानांत बोळे घालावे, कारण आवाज हातोड्यासारखा येतो. हातांत एक रबरी फुगा देतात. तो दाबला कीं तपासणी थांबते. त्या नळींत तिच्या दुखण्यावर ताबडतोब विश्वास ठेवणारी ती एक वस्तु असते.

दोन-चार दिवसांनीं रिपोर्ट येतो. लिफाफ्यावर नांव तिचें असतें. फोडतें मात्र घरांतलें सर्वांत अधिक इंग्रजी शिकलेलें माणूस. वरचीं मापें, अवयवांचीं लॅटिन नांवें सोडून नजर एकदम शेवटच्या ठळक अक्षरांतल्या निष्कर्षावर जाते. विशेष दोष आढळला नाहीं, असें तेथें असतें असें धरूं. त्याच्या खालीं बहुधा बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: रुग्णाच्या लक्षणांशीं हें ताडून पाहावें. ज्यानें चित्र पाहिलें त्यानेंच आपल्या अनुमानाची मर्यादा तेथें लिहून ठेविलेली असते, आणि पुढचा निर्णय ती काय सांगते त्यावर सोपविलेला असतो. पण मोठ्यानें वाचणारा त्या ओळीच्या आधींच थांबतो, कागद घडी करून लिफाफ्यांत घालतो, आणि ‘चला, कांहीं निघालें नाहीं, सुटलों’ असें म्हणून सगळ्यांसाठीं चहा टाकायला सांगतो. उठून चहा टाकावयाचा असतो तिनेंच.